पाणी गेलेला ड्रायर आणि पडणारा मेन

प्रश्न : आमचा ड्रायर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या वर भिंतीला टांगलेला आहे. मागच्या महिन्यात वरच्या फ्लॅटमध्ये नळ उघडा राहिला, रात्री पाणी आलं आणि स्लॅबमधून थेट ड्रायरवर धार लागली. आठवडाभर बंद ठेवून, पंखा लावून वाळवला. आता थंड हवेवर छान फिरतो, पण बटण गरम हवेवर नेलं की लगेच पूर्ण घराची लाइट जाते. एका इलेक्ट्रिशियनने मीटर लावला आणि म्हणाला, मशीन ओके आहे, आरसीसीबी (करंट गळला की घराचा मेन पाडणारा स्विच) नाजूक झालाय, काढून टाकू. दुसरा म्हणतो, ड्रायरची अर्थची वायर सोडली की काम होईल. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. दुसऱ्याला तर परत घरात घेऊ नका.

तुमच्या पत्रातच निम्मं निदान आहे. थंड हवेवर मोटर आणि पंखा चालतो, गरम हवेवर त्यात हवा तापवणाऱ्या कॉइलची भर पडते. म्हणजे मोटर, टायमर, प्लग यांच्यावर सध्या तरी संशय नाही. करंटची गळती कॉइलमध्ये, नाहीतर कॉइलकडे जाणाऱ्या वायरी आणि थर्मोस्टॅटच्या टोकांपाशी आहे.

घरगुती ड्रायरची कॉइल साधारण 2000 वॉटची, म्हणजे नऊएक अँपियर घेणारी. त्यातला थोडासा करंट बॉडीकडे झिरपला तर 16 अँपियरच्या एमसीबीला, म्हणजे जादा करंट झाला की पडणाऱ्या स्विचला, त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबीचं काम वेगळं. जितका करंट आत गेला तितका परत आला का, एवढंच तो बघतो, आणि 30 मिलिअँपियरचा, म्हणजे 0.03 अँपियरचा फरक पडला की खाली येतो. तुमचा आरसीसीबी नाजूक झालेला नाही, त्या घरात सध्या शुद्धीवर असलेला तो एकटाच आहे. खात्री हवी असेल तर ड्रायरचा प्लग काढा आणि त्याच 16 अँपियरच्या सॉकेटवर इस्त्री लावा. मेन टिकला तर दोष मशिनातच. इस्त्रीवरही पडला, तर पाणी भिंतीतल्या पाइपात किंवा सॉकेटच्या डब्यात उतरलंय. मग आधी ते उघडून घ्या.

अर्थ सोडली की मेन पडायचा थांबतो, हे खरं आहे. कारण झिरपणाऱ्या करंटला जायला वाट राहत नाही. तो पत्र्याच्या बॉडीवर वाट बघत बसतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी दार उघडलं की त्या माणसातून जातो. आरसीसीबी जागेवर असेल तर निदान तेव्हा तरी तो पडेल. दोन्ही काढले तर विषयच संपला.

आता मीटरने ‘ओके’ का दाखवलं? साधा मल्टिमीटर बॅटरीवरच्या थोड्या व्होल्टने तपासतो. कॉइलवर चालताना 230 व्होल्ट असतात. दमट इन्सुलेशन थोड्या व्होल्टला शहाण्यासारखं वागतं आणि खऱ्या दाबाला गळतं. त्यासाठी मेगर लागतो, जो 500 व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशन किती धरतंय ते मोजतो. इलेक्ट्रिशियनला फोनवरच विचारा, ‘मेगर आहे का?’ नसेल तर त्याचा आणि तुमचा वेळ घालवू नका. प्लग काढून, कॉइलच्या वायरी सोडवून, कॉइल आणि बॉडी यांच्यामध्ये निदान 1 मेगाओहम आला पाहिजे. त्याखाली असेल तर लाइट जोडायची नाही.

आठवडाभर वाळवूनही ओल राहिली कुठे, हा खरा प्रश्न. नळीच्या कॉइलमध्ये मधली तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यात एक पांढरी पूड ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती ओल शोषते, आणि शोषते ती टोकांतून. कव्हर उघडल्यावर मेकॅनिकला तिथेच बघायला सांगा. नळीच्या तोंडाशी चिनी मातीचा छोटा मणी असतो. त्याच्याभोवती पांढरट पापुद्रा किंवा हिरवट गंज दिसला, तर पाणी तिथून आत गेलंय. पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही. कॉइल बाहेर काढून, टोकं पुसून, कुठेही न जोडता काही तास गरम करून वाळवली तर बऱ्याचदा सुधारते. पुन्हा मेगर लावायचा. आकडा चढला नाही तर नवी कॉइल. काही मशिनांत उघडी, स्प्रिंगसारखी तार असते; तिथे अभ्रकाचा आधार आणि चिनी मातीचे मणी पुसून कोरडे केले की सहसा भागतं.

कव्हर निघालंच आहे तर आतला भुसा काढून घ्या. कपड्यांचा तो कापूस जाळीतून निसटून कॉइलच्या डब्याभोवती आणि मोटरच्या अंगावर बसतो. भिजला की लगदा होतो, आणि वाळला की तिथेच पापडासारखा चिकटतो. तो हवेची वाट अडवतो आणि गरम कॉइलजवळ पेट घेऊ शकतो. कॉइल नवीन टाकून भुसा तसाच ठेवणारे मेकॅनिक मी पाहिलेत, आणि त्यांचे गिऱ्हाईकही.

स्वतः मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो.

एक आणखी. घराचा विमा असेल तर काही फेकायच्या आधी ओला स्लॅब, ड्रायर आणि जुनी कॉइल यांचे फोटो काढा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान येतं. उघड्या नळाचं त्यात बसतं का, ते कंपनीला लेखी विचारा. वरच्यांशी बोलणं त्यानंतर.

प्रश्न : पुराचं पाणी घरात गुडघाभर आलं होतं. सेमी-ऑटोमॅटिक मशिनचा वॉश चालतो, पण ड्रायर नुसता ‘हूं’ करतो, फिरत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, आधी ते ‘हूं’ बंद करा. मोटर अडकलेली असताना लाइट देत राहिलात तर वाइंडिंग जळेल.

तुमच्या मशिनच्या दोन्ही मोटरी तळाशी असतात, म्हणजे गुडघाभर पाण्यात दोन्ही बुडाल्या. ड्रायरच्या, म्हणजे स्पिनच्या मोटरला ब्रेक असतो. झाकण उघडलं की तो तारेने आवळतो, बंद केलं की सुटतो. पुराचा गाळ त्यात बसतो आणि स्प्रिंग गंजते. प्लग काढा, मेकॅनिककडून मागचा पत्रा उघडून घ्या, झाकण बंद ठेवून ब्रेकची चकती हाताने फिरवून बघायला सांगा. मोकळी फिरली तर कपॅसिटर बदलून घ्या, स्वस्तातलं काम आहे. अडली तर ब्रेक सोडवून स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, पूर्ण वाळवायचं आणि लाइट देण्याआधी दोन्ही मोटरींना मेगर लावायचा. वॉश चालतो म्हणून ती मोटर कोरडी आहे असं समजू नका.

जळक्या वॉर्निशचा वास येत असेल तर रिवाइंडिंगच्या फंदात न पडता नवी स्पिन मोटर घ्या. ती बसवतानाच टबच्या बुडाचं रबरी सीलही बदलून घ्या. जुनं सील गाळाने कापलेलं असेल, तर साबणाचं पाणी नव्या मोटरवरच ठिबकेल.