राखेच्या जमिनीत टाकलेले स्फुरद जाते कुठे?

प्रश्न : ज्वालामुखीच्या राखेची जमीन सुपीक मानली जाते, मग तिथे स्फुरदाचे खत देऊनही पिकाला ते पुरेसे का मिळत नाही? ते पावसाबरोबर वाहून जाते का, आणि दर वर्षी मात्रा वाढवणे हाच उपाय आहे का?

उत्तर : खत वाहून जात नाही; ते मुळांच्या शेजारीच, पण मुळांना घेता येणार नाही अशा रूपात अडकलेले असते. राखेतील काच ओलसर हवामानात झिजली की तिच्यापासून ॲलोफेन हे खनिज बनते. त्याचे कण म्हणजे जेमतेम ५ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ गोळ्या असल्याने एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. या पृष्ठभागावरच्या ॲल्युमिनियमला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) जोडलेले असतात आणि फॉस्फेट, म्हणजे खतातील स्फुरदाचे रूप, त्यांना हटवून त्यांची जागा घेते. ही पकड इतकी घट्ट असते की फॉस्फेट धरून ठेवण्याची ८५ टक्के किंवा अधिक क्षमता ही अशा जमिनींची एक ओळखच मानली जाते.

सुपर फॉस्फेटचा एकच दाणा डोळ्यांसमोर आणा. तो मातीतली ओल ओढून विरघळतो, त्यातून तीव्र आम्ल द्रावण पाझरते आणि थोडेसे अंतर जाते न जाते तोच ॲल्युमिनियम व लोह त्यातील बरेचसे स्फुरद बांधून टाकतात.

म्हणूनच खत शेतभर फोकून मातीत मिसळणे मला सर्वांत तोट्याचे वाटते, कारण त्यामुळे प्रत्येक दाण्याभोवती नवी, रिकामी माती येते. तेच खत बियाण्याच्या बाजूला पट्ट्यात दिले, तर तेवढ्या भागातील जागा भरत जातात आणि द्रावणात पिकासाठी काही स्फुरद उरते. शेणखतातील सेंद्रिय आम्लेही काही जागा अडवतात. चुन्याने ॲल्युमिनियमची विषाक्तता कमी होते, परंतु बांधलेले स्फुरद त्याने हमखास मोकळे होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. अनेक वर्षे खत दिलेल्या शेतात पकड हळूहळू सैल पडते, तेव्हा मात्रा माती परीक्षण करूनच ठरवावी, सवयीने वाढवू नये.

लाव्हापासून बनलेली प्रत्येक जमीन मात्र अशी नसते. जुन्या बेसाल्टची, स्मेक्टाइट (ओलीने फुगणाऱ्या) चिकणमातीची जमीन वेगळी वागते. ॲलोफेन ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी द्रावणात लालसर होणारे रसायन) लावलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवून सोडियम फ्लोराइडचा थेंब टाकला, की फ्लोराइडही हायड्रॉक्सिल गटांना तसेच हटवते आणि ते बाहेर पडताच कागद लालसर होतो. चुनखडीयुक्त मातीतही असाच रंग येतो, त्यामुळे तिथे ही चाचणी ग्राह्य धरू नये.