"मुंग्या आल्या का रे पायाला?"

सकाळी सव्वासहाला, शाळेची व्हॅन यायच्या आधी, ती मुलाला फरशीवर अनवाणी उभं करायची. "चवड्यांवर उभा राहा. आता टाचांवर. माझी बोटं दाब, जोरात. मुंग्या आल्या का रे पायाला?" नऊ वर्षांचं पोर अर्धवट झोपेत मान हलवायचं. आठवडाभर "नाही" म्हणालं. मग एके सकाळी म्हणालं, "हो, थोड्याशा." त्या दिवशी व्हॅन रिकामीच गेली.

बालरोगतज्ज्ञांनी मुलाला नीट तपासलं. गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली, चालायला लावलं, पळायला लावलं. काहीच नव्हतं. त्यांनी आईकडे पाहिलं आणि माझा, म्हणजे समुपदेशकाचा, नंबर लिहून दिला.

गोष्ट 2025 च्या जानेवारी अखेरीची, पुण्यातल्या सिंहगड रस्त्याकडची. तिला आपण वैशाली म्हणू. नाव बदललेलं आहे आणि ओळख पटेल असे घरचे तपशीलही. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे, कारण त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांचा प्रश्न तिचाच होता: "साथीच्या बातमीनं जीव थाऱ्यावर राहत नाही. लोक म्हणतात, उगाच घाबरते. मी खरंच उगाच घाबरते का?"

ज्यांना तो महिना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. एरवी हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. बरेचदा आधी पोट बिघडतं, ते बरंही होतं, आणि मग एक-दोन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांपासून ताकद जायला लागते आणि ती कमजोरी वर चढत जाते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, संशयाचं बोट पाण्याकडे गेलं, विहिरी आणि खासगी आरओ प्लांट तपासले गेले. मार्चपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास रुग्ण नोंदले गेले, बाराच्या आसपास माणसं दगावली.

वैशाली पहिल्यांदा आली तेव्हा घरातून बाटली घेऊन आली होती. मी पुढे केलेल्या पाण्याला तिनं हात लावला नाही. घरात पनीर बंद, चिकन बंद, बाहेरचं खाणं बंद. जारचं पाणी विकत आणून ती ते दोनदा उकळत होती. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री एकपर्यंत वाचायची. झोप चार तास.

आणि मी पहिल्याच भेटीत एक चूक केली. ती इथे सांगायला हवी, कारण घरोघरी हीच चूक होते. मी तिला आकडे सांगितले. 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत 15 हजारांहून जास्त माणसं गेली. क्षयरोगानं देशात दरवर्षी 3 लाखांच्या आसपास मृत्यू होतात. त्या मानानं जीबीएस किती लहान आहे ते बघा, असं मी म्हणाले.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, 2020 च्या मार्चमध्येही सगळे हेच म्हणत होते. पुण्यात दोनच पेशंट आहेत, घाबरू नका."

तिचं बरोबर होतं. राज्यातले कोविडचे पहिले दोन रुग्ण 9 मार्च 2020 ला पुण्यातच सापडले होते आणि पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रस्त्यावरच्या अपघातांचा आकडा यंदा होता साधारण तेवढाच पुढच्या वर्षी असतो. साथीचं तसं नसतं. ती आठवड्यात दुप्पट होऊ शकते. त्यामुळे नुसते दोन आकडे शेजारी ठेवून "हे लहान, ते मोठं" म्हणणं हे उत्तर होत नाही. आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हेही सांगावं लागतं. दुसऱ्या भेटीत मी तेच केलं. कोविड श्वासातून पसरत होता. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. त्याआधीचा पोटाचा संसर्ग दूषित पाण्यातून, कच्च्या-अर्धवट शिजलेल्या अन्नातून येतो, आणि तसा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये पेशंट असला तर तिच्या मुलाला त्या पेशंटपासून धोका नव्हता. धोका असलाच तर नळातून होता, आणि तो एकदा खळखळून उकळलेल्या पाण्यानं जातो. दुसऱ्यांदा उकळून पाण्यात काही बदलत नाही.

हे तिला पटलं. तिनं माझ्यासमोर पाण्याचा पेला उचलला, पाणी मी उकळलेलंच ठेवलं होतं. पण मुलाची सकाळची तपासणी थांबली नाही.

तेव्हा मी विचारलं, "त्याला झालं, असं डोळे मिटून समजा. काय दिसतं?"

मला वाटलं होतं आयसीयू म्हणेल, व्हेंटिलेटर म्हणेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा दिसतात."

तिच्या वडिलांना ती बारावीत असताना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढची साडेतीन वर्षं ते खाटेवर होते आणि आईबरोबर तिनं त्यांचं सगळं केलं. कूस बदलणं, पाठीला पावडर, भात मऊ कालवून भरवणं. जमिनीवरून उठता न येणारा माणूस म्हणजे काय हे तिला कुठल्याही बातमीनं शिकवायची गरज नव्हती. जानेवारीत टीव्हीवर "पायातली ताकद जाते" हे शब्द आले आणि तिच्यासाठी ती खाट पुन्हा घरात आली. मी तिला रस्त्यावरचे मृत्यू मोजून दाखवत होते, आणि तिच्या डोळ्यांपुढे मृत्यू नव्हताच. तिच्यापुढे अंथरुणाला खिळणं होतं.

पॉल स्लोव्हिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात हा विषय बराच अभ्यासला. माणसं धोका मोजताना नुसती मेलेल्यांची संख्या धरत नाहीत. गोष्ट किती भयंकर वाटते, किती अनोळखी आहे, आपल्या हातात किती आहे, त्यावर त्यांचं माप ठरतं. सिंहगड रस्त्यावर तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. आजाराचं नाव नवं, परिणाम दिसायला भीषण, आणि पाणी दुसऱ्याच्या ताब्यात. त्यात लहान मुलं. म्हणून मला "उगाच घाबरते" हे शब्द आवडत नाहीत. भीतीला तिचं स्वतःचं एक कारण असतं, ते शोधलं नाही तर आकडे पालथ्या घड्यावर पाणी. आणि पाण्याबद्दलचा लोकांचा राग तर पूर्ण रास्त होता. नळाला स्वच्छ पाणी मिळणं हा हक्क आहे. त्यासाठी भांडणाऱ्या माणसाला कुणी "तुम्हाला अँझायटी आहे" म्हणू नये.

"बाबांना पक्षाघात कशानं झाला होता?" मी विचारलं.

"बीपी. गोळ्या घेत नव्हते. बरं वाटतंय म्हणायचे."

"आता घरात बीपी कुणाला आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याचं, प्रशांतचं (हेही नाव बदललेलं), कंपनीच्या तपासणीत ऑक्टोबरमध्ये 156/100 आलं होतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती. घरी जाऊन तिनं फ्रीजवरच्या टोपलीतली पट्टी पाहिली आणि मला फोटो पाठवला. दहाच्या पट्टीत सात गोळ्या शिल्लक, आणि फोडलेल्या तीन खणांच्या चंदेरी कागदावर धूळ बसलेली.

इथे मला खूप जपून पाऊल टाकावं लागलं. एक भीती काढून तिच्या जागी दुसरी बसवणं फार सोपं असतं. आज जीबीएस, उद्या बीपी, आणि सकाळी सव्वासहाला मुलाच्या जागी नवरा उभा. म्हणून तुलना केली ती मृत्यूंची नाही, मिनिटांची. मी तिला एक साधी वही करायला सांगितली. आठवडाभर रोज लिहायचं: जीबीएसच्या काळजीवर किती वेळ गेला, आणि त्यातून हाताला लागेल असं काय झालं. बातम्या, ग्रुप, उकळणं, तपासणं मिळून रोजचे साधारण तीन तास भरले. त्यातलं खरं कामाचं म्हणजे पाणी एकदा उकळणं, हात धुणं, अन्न नीट शिजवणं. याला पाऊण तास पुरत होता. नवऱ्याच्या बीपीवर त्या आठवड्यात गेलेला वेळ: शून्य.

भारतात दरवर्षी 12 लाखांहून जास्त लोकांना पक्षाघाताचा झटका येतो असा अंदाज आहे, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला रक्तदाब. जीबीएसमधून बहुतेक माणसं बरी होतात. दहातली सात-आठ सहा महिन्यांत आपल्या पायांवर चालायला लागतात. पक्षाघातात असा भरवसा देता येत नाही. ज्या खाटेची तिला भीती वाटत होती, तिच्याकडे जाणारा रुंद रस्ता नळातून नव्हता, फ्रीजवरच्या टोपलीतून होता. हे मी तिला या शब्दांत सांगितलं नाही. वही बघता बघता तिनंच ते ओळखलं आणि ती रडली. बाबांसाठीचं रडू बहुधा वीस वर्षं थांबलेलं होतं.

प्रशांत एका शनिवारी आला. हेल्मेट डिकीत ठेवून आला होता, डोक्यावर नव्हतं. "एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर लागते म्हणतात," तो म्हणाला. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे, आणि त्यामागे आडमुठेपणा क्वचितच असतो. चाळिशीच्या माणसाला आपण रुग्ण झालो हे मान्य करणं जड जातं. मी त्याला औषधाबद्दल काहीच सांगितलं नाही, ते काम डॉक्टरांचं. फक्त विचारलं, "सासऱ्यांबद्दल वैशाली कधी बोलली आहे?" सासऱ्यांना पक्षाघात झाला होता एवढंच त्याला माहीत होतं. साडेतीन वर्षांबद्दल काही माहीत नव्हतं. तिनं त्या दिवशी सांगितलं. तो दोन्ही हात गुडघ्यांत धरून ऐकत बसला होता.

पुढचे दोन महिने आम्ही जे केलं ते अगदी साधं होतं. बातम्या दिवसातून एकदा, संध्याकाळी, महापालिकेनं दिलेली माहिती तेवढी, ग्रुप म्यूट. मुलाची तपासणी एकदम बंद केली नाही. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग नाही. त्याऐवजी एक नियम फ्रीजवर लावला: जिना चढताना पाय उचलेनासे झाले, दोन्ही पायांतली ताकद वाढत्या क्रमानं जायला लागली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर कुणाला न विचारता हॉस्पिटल. यातलं काही नसेल तर पायांबद्दल प्रश्न विचारायचा नाही. पोराच्या "मुंग्या" चौथ्या दिवशी गेल्या. रोज विचारलं की शरीर उत्तर शोधायला लागतं, मोठ्यांचंही.

त्या कागदाच्या खाली तिनं स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली: तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, तर लगेच निघायचं, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बाबांच्या वेळी त्यांना सकाळपर्यंत थांबवलं होतं. ती ओळ लिहिताना तिचा हात थरथरत होता, पण अक्षर स्वच्छ आलं आहे.

बीपीचं मशीन घेतलं. प्रशांत डॉक्टरांकडे परत गेला, गोळी पुन्हा सुरू झाली, ती सकाळच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायचं ठरलं. मोजायचं आठवड्यातून दोनदाच, पाच मिनिटं शांत बसून, आणि तेही त्यानं स्वतः. वैशालीनं आकडा विचारायचा नाही, ही अट मी घातली होती आणि तिला तीच सगळ्यात अवघड गेली. लोणचं-पापड ताटातून कमी झाले. हेल्मेट डिकीतून निघून दाराच्या खुंटीवर, किल्लीच्या शेजारी आलं.

सगळ्यांचं इतक्या सरळ होत नाही. त्याच महिन्यात एक गृहस्थ आले होते. त्यांची भीती साथ ओसरल्यावरही आजार बदलत बदलत चालूच राहिली, आणि त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. झोप उडून आठवडे झाले असतील, काळजीमुळे कामावर जाणं, जेवण, मुलांचं करणं अडत असेल, तर एकट्यानं वही लिहीत बसू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

वैशाली शेवटची आली ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मुलाची परीक्षा संपत आली होती. प्रशांतची वही तिनं आणली होती, त्याला विचारून. शेवटची नोंद 132/84. पाणी अजून उकळतच होती, एकदा. टेबलावर मी ठेवलेला पेला तिनं न बघता उचलून प्याला.

निघताना दारात थांबली. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. रात्री तो झोपला की मी अजून जाऊन बघते. पाय हलवतो का झोपेत, ते."

"हलवतो?"

"लाथा मारतो."

"बघा मग," मी म्हटलं. "फक्त त्याला उठवू नका."