वाचकांचे प्रश्न : पवनचक्क्यांची ओएफसी (ऑप्टिकल फायबर केबल) कुठे दगा देते?

प्रश्न : आमच्या फीडरवर (सबस्टेशनकडे वीज नेणाऱ्या एका लाइनवर) 12 पवनचक्क्या आहेत. हँडओव्हरच्या ड्रॉइंगमध्ये ओएफसीची रिंग (एक वाट तुटली तर दुसऱ्या बाजूने संपर्क राहील असं वर्तुळ) दाखवली आहे. जेसीबीने 6 आणि 7 नंबरच्या मध्ये केबल तोडली, तर 7 ते 12 सगळ्या स्काडावरून (दुरून देखरेख करणाऱ्या संगणक-प्रणालीवरून) गायब! रिंग असून हे कसं? — साइट इंजिनीअर, साक्री

उत्तर : तुमची रिंग बहुधा एकाच केबलमध्ये आहे. जाताना दोन कोर (केबलमधले काचतंतू) वापरलेत आणि 12 नंबरवरून परत येताना त्याच केबलमधले उरलेले दोन. टॉवरमधल्या नेटवर्क स्विचच्या लेखी ही रिंग खरीच, पण जेसीबीला सगळे कोर सारखेच. खात्री करायची तर 12 नंबरच्या टॉवरमधला एलआययू (केबलचे कोर जिथे जोडतात ती पेटी) उघडा. स्विचच्या दुसऱ्या पोर्टची पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी फायबर) 11 कडून आलेल्या केबलच्याच कोरवर गेली असेल, तर आणखी काही तपासायला नको.

दुसरी केबल त्याच चरात टाकून उपयोग नाही. शेजारच्या फीडरची शेवटची पवनचक्की जवळ असेल, तर तुमच्या 12 नंबरपासून तिथपर्यंत जोड-केबल टाका. दोन्ही फीडर मिळून एक मोठी रिंग होईल आणि परतीची वाट खरोखर वेगळी असेल. मात्र मग रिंगमध्ये 24-25 स्विच येतात. आरएसटीपीत (रिंग सांभाळायला स्विच वापरतात त्या प्रोटोकॉलमध्ये) मॅक्स एज, म्हणजे रूट या मुख्य स्विचपासून किती स्विच पुढे चालेल ती मर्यादा, मुळात 20 असतो. रिंग सबस्टेशनजवळ तुटली की ती लांबच लांब साखळी बनते आणि टोकाचे स्विच रूटपासून 20 च्या पलीकडे जातात. मॅक्स एज 40 करा, किंवा स्विचमध्ये सोय असेल तर एमआरपी हा खास रिंगसाठीचा प्रोटोकॉल लावा. तो 50 स्विचपर्यंत चालतो.

एक गोष्ट ड्रॉइंगवर कधीच दिसत नाही. मेंटेनन्ससाठी 3 आणि 9 नंबरचा सप्लाय एकाच वेळी बंद केला, की रिंग दोन ठिकाणी तुटते आणि मधल्या पाच चालू पवनचक्क्या दिसेनाशा होतात. टॉवरच्या तळातल्या स्विचला बॅटरी द्या. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या, की 10 वॉटचा स्विच एक पाळी आरामात निघतो.

प्रश्न : नॅसेल (टॉवरच्या माथ्यावरची, जनरेटर असलेली खोली) ते टॉवरचा तळ ही लिंक अधूनमधून जाते आणि आपोआप येते. कनेक्टर दोनदा बदलले. — तंत्रज्ञ, ढालगाव

उत्तर : लिंक जाते तेव्हाची नॅसेलची दिशा आणि केबल ट्विस्टचा (नॅसेल फिरल्याने पडलेल्या पिळाचा) आकडा स्काडा लॉगमधून काढा. ती ठरावीक ट्विस्टलाच जात असेल, तर कनेक्टरला दोष देऊ नका. नॅसेलखाली लोंबणाऱ्या लूपमध्ये केबल पिळली जाते, दोष तिथे आहे. वारा कमी असताना, परवानगी घेऊन नॅसेल मॅन्युअल यॉने (यॉ म्हणजे नॅसेल वळवणारी यंत्रणा) दोन्ही बाजूंना फिरवा आणि तळाशी प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावून ठेवा. ट्विस्टबरोबर रीडिंग हललं, तर दोष पक्का झाला.

कारणं साधीच असतात. नायलॉनचा केबल टाय पक्कडीने करकचून आवळलेला असतो. नाहीतर बाहेर जमिनीत टाकायची स्टील आर्मर्ड केबलच वर नेलेली असते, आणि तिला पीळ सोसत नाही. इथे पीळ सोसणारी, टाइट-बफर (तंतूवर घट्ट आवरण असलेली), पॉलियुरेथेन आवरणाची, धातू नसलेली केबलच हवी. जेल भरलेली लूज-ट्यूब (नळीत सैल तंतू असलेली) केबल उभी टांगली तर जेल खाली उतरतं. केबलचा भार वरच्या केबल ग्रिपवर घ्या, टायवर नको. लूपमधले टाय रुंद वेल्क्रोचे, बोटाने सरकतील इतके सैल असावेत.

रीडिंग हललं नाही आणि सिग्नल एकाच दिशेने कमजोर असेल, तर पॅच कॉर्डवरची छपाई वाचा. 62.5 मायक्रॉन गाभ्याच्या केबलमधून 50 मायक्रॉनच्या कॉर्डमध्ये प्रकाश जाताना काही डेसिबल सांडतात, उलट दिशेने मात्र फारसा फरक पडत नाही. जुन्या पवनचक्क्यांमध्ये घाईत हाताला लागेल ती कॉर्ड जोडल्यामुळे हे होतं.

प्रश्न : चाळकेवाडीसारख्या खडकाळ पठारावर टॉवर ते टॉवर कोणती केबल घ्यावी? — कंत्राटदार, सातारा

उत्तर : सिंगल मोड (लांब अंतराची, बारीक गाभ्याची फायबर), जी.652डी प्रकारची. स्टील टेप आर्मर घेऊ नका. उंदीर-घुशींपासून ती वाचवते खरी, पण वीज पडल्यावर एका टॉवरच्या अर्थिंगचं चढलेलं व्होल्टेज तोच पत्रा दुसऱ्या टॉवरपर्यंत नेतो. काचतंतूंचं कवच असलेली, पूर्ण धातुविरहित केबल मिळते. स्टीलची आधीच टाकली असेल, तर टॉवरमध्ये शिरतानाच पत्रा अर्थ बारला जोडा, एलआययूपर्यंत नेऊ नका.

33 केव्ही केबलच्या चरातूनच न्यायची असेल, तर ती 40 मिमी एचडीपीई डक्टमधून (प्लास्टिकच्या नळीतून) न्या. ओढताना वाकवण्याची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या 20 पट, बसवल्यावर 10 पट ठेवा. प्रत्येक जॉइंटजवळ दोन्ही बाजूंना 10-10 मीटर केबल जादा ठेवा. नाहीतर पुढे स्प्लायसिंग (तंतू सांधण्याचं काम) करणाऱ्याला भर वाऱ्यात खड्ड्यात बसून काम करावं लागतं आणि जॉइंट बिघडतात ते तिथेच. खांबावरून न्यायची तर एडीएसएस (स्वतःचा भार स्वतः पेलणारी, धातू नसलेली केबल) घ्या, पण तिथला वाऱ्याचा वेग आणि स्पॅन (दोन खांबांमधलं अंतर) कळवून मागवा.

प्रकाशाच्या तुटीचा हिशेब असा : 8 किमीला 1310 नॅनोमीटरवर किमीमागे 0.35 प्रमाणे 2.8 डेसिबल, 6 स्प्लाइसचे 0.6, 4 कनेक्टरचे 2. एकूण 5.4. वर 3 डेसिबल राखीव ठेवले की 8.4. एसएफपी (स्विचमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा-वाचणारा मॉड्यूल) −9.5 डीबीएमने पाठवत असेल आणि −20 पर्यंत वाचत असेल, तर हाताशी 10.5 आहेत. चालेल. हँडओव्हर घेताना ओटीडीआर (केबलमध्ये कुठे किती तूट आहे ते दाखवणारं यंत्र) 1310 आणि 1550 दोन्हींवर मारून घ्या. 1550 वरच जास्त तूट दिसली तर केबल कुठेतरी वाकली आहे.

प्रश्न : अंतर दीड किमी. जोरदार चालावी म्हणून 80 किमीचे एसएफपी लावले, तर एरर वाढले. का? — वाचक, धुळे

उत्तर : रिसीव्हरवर झेपेल त्यापेक्षा जास्त प्रकाश पडतो आहे. दोन्ही टोकांना रिसीव्हरच्या बाजूला 10 डेसिबलचा अॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) लावा किंवा 10 किमीचे एलएक्स एसएफपी घ्या, तेच स्वस्त पडतं. आणि कनेक्टरच्या तोंडाशी डोळा नेऊन पाहू नका; हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.