दक्षिण अमेरिकेत नक्की किती देश आहेत? कुठे १२, कुठे १३, तर कुठे १४ असं का लिहिलेलं असतं?

परीक्षेसाठी विचारत असाल तर १२ लिहा आणि मोकळे व्हा. ब्राझील, अर्जेंटिना, चिली, पेरू, बोलिव्हिया, पॅराग्वे, उरुग्वे, इक्वेडोर, कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना आणि सुरीनाम. सगळे स्वतंत्र, सगळे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य.

तेरावा येतो फ्रेंच गयानामुळे, आणि मला विचाराल तर अख्ख्या खंडातलं सगळ्यात मजेशीर प्रकरण तेच आहे. सुरीनामच्या पूर्वेला नकाशात त्याला स्वतंत्र रंग दिलेला असतो, म्हणून लोक देश समजून मोजतात. जुन्या नकाशांत ब्रिटिश, डच आणि फ्रेंच असे तीन गयाना शेजारीशेजारी दिसायचे. ब्रिटिशांचा १९६६ साली स्वतंत्र झाला, डचांचा १९७५ साली सुरीनाम म्हणून. फ्रेंचांचा मात्र १९४६ सालीच कायद्याने फ्रान्सचा एक जिल्हा होऊन बसला होता. आजही तिथे युरो चालतो आणि तिथले मतदार थेट पॅरिसच्या संसदेत प्रतिनिधी पाठवतात. फ्रान्सची सगळ्यात लांब जमिनीवरची सीमा स्पेनशी नाही, ब्राझीलशी आहे. ७०० किलोमीटरहून जास्त. त्या सीमेवर ओयापोक नदीवरचा पूल २०११ साली बांधून झाला, पण त्यावरून गाड्या धावायला २०१७ उजाडलं. दोन्हीकडच्या सरकारी कामाचा वेग सारखाच म्हणायचा!

फ्रान्स हा तुकडा सोडत नाही याला कुरू हे एक मोठं कारण. युरोपचं रॉकेट उड्डाणकेंद्र तिथे आहे. विषुववृत्त जवळ असल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा वेग रॉकेटला आयता मिळतो, आणि पूर्वेला नुसता समुद्र, त्यामुळे काही पडलं तरी कुणाच्या डोक्यावर पडत नाही. जेम्स वेब दुर्बीण २०२१ च्या नाताळाला इथूनच उडाली.

चौदावा म्हणजे फॉकलंड बेटं. ब्रिटनच्या ताब्यात आहेत, अर्जेंटिना त्यांना माल्विनास म्हणते आणि हक्क सांगते. १९८२ साली त्यावरून युद्ध झालं. २०१३ च्या सार्वमतात ब्रिटनसोबत राहण्याच्या विरोधात फक्त ३ मतं पडली. अर्जेंटिनाने अर्थातच ते सार्वमत मानलं नाही.

त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे, तरी गणती कॅरिबियनमध्ये. फुटबॉलवरून देश मोजू नका, कारण खंडाच्या फुटबॉल महासंघात १० च सदस्य आहेत. गयाना आणि सुरीनाम उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या गटात खेळतात.

व्हेनेझुएलात छापलेला नकाशा हाती लागला तर गयानाचा एसेकिबो नदीच्या पश्चिमेचा भाग त्यात व्हेनेझुएलाचा दाखवलेला दिसेल. तो भाग गयानाच्या दोनतृतीयांशाहून जास्त आहे. वाद जुना आहे, पण देशांची संख्या त्याने बदलत नाही.