पाळी नाही तर पळणं नाही

अगं बाळा,

काल दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या पायऱ्यांवर तू डबा उघडलास, झाकण परत लावलंस आणि म्हणालीस, "आज गुरुवार ना ताई, उपास." सोमवारीपण उपास होता. शनिवारीपण. मग लेस बांधता बांधता सहज सांगून टाकलंस की चार महिने पाळी आली नाहीये, बरंच झालं, स्टेटच्या स्पर्धेवेळी कटकट नको. मी तेव्हा गप्प बसले कारण राग आला होता, आणि तो तुझ्यावर नव्हता. रात्रभर झोप नाही म्हणून लिहितेय.

सरळ सांगते. पाळी नाही तर पळणं नाही. स्टेटला तीन आठवडे राहिलेत, माहितीये मला. तरीही नाही.

तू म्हणशील वजन उतरलं तसा टाइम सुधारला, पंधराशे मीटरला सहा सेकंद. हो, स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं. सुरुवातीला बऱ्याच जणींचा सुधारतो गं, तिथेच तर फसायला होतं. १९९८ साली मी १९ वर्षांची होते, कोच म्हणायचे दोन किलो उतरव, सेकंद आपोआप उतरतील, मी पाच उतरवले. आईला सांगायचे मैत्रिणीकडे खाल्लं, मैत्रिणीला सांगायचे घरी जाऊन जेवणारे. पाळी गेली तेव्हा एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याच्या महिन्याला रक्त दिसायला लागलं आणि घरचे खूश. पण गोळीने आणलेली पाळी ही पाळी नव्हेच, त्याने हाडं सावरत नाहीत, हे मला पंधरा वर्षांनी कळलं. तोवर नडगीचं हाड दोनदा चिरलं होतं, दुसऱ्यांदा येऊरच्या चढावर, ना पडले ना धडपडले, नुसती पळत होते. आता माझा डेक्सा स्कॅनचा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा, रिपोर्ट बघून डॉक्टर वय पुन्हा विचारतात.

तुझ्या ॲपमध्ये रोजच्या १२०० कॅलरी लिहिलेल्या मी बघितल्यात. बस आणि हिशोब कर. तू ४६ किलोची, चरबी सोडून ३८ धर. सकाळचे १२ किलोमीटर म्हणजे साधारण ५५० कॅलरी गेल्या, उरल्या ६५०. त्यात हृदय, मेंदू, हाडं, झोप, कॉलेज, सगळं. त्या ३८ किलोतल्या प्रत्येक किलोला ४५ च्या आसपास उरायला हव्यात, ३० च्या खाली गेलं की शरीर एकेक काम बंद करायला लागतं. तुझ्याकडे १७ उरतायत. जगायला पाळी लगेच लागत नाही, म्हणून मेंदू तिचा हुकूम थांबवतो, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हार्मोन पडतं, आणि हाडं भरायची जी वर्षं, म्हणजे नेमकी तुझी आत्ताची, ती रिकामी जातात. खाणं, पाळी आणि हाडं यांची ही गाठ अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९२ मध्येच ओळखली होती, २०१४ मध्ये ऑलिंपिक समितीने रेड-एस, म्हणजे खेळताना शरीराला ऊर्जा कमी पडणं, असं नाव देऊन ती आणखी मोठी करून मांडली. म्हणजे मी उपाशी पळत होते तेव्हाही हे माहीत होतं, फक्त आमच्या ग्राउंडपर्यंत पोचलं नव्हतं. तुझ्यापर्यंत पोचलंय. म्हणून जास्त चिडतेय.

अमेरिकेच्या मेरी केनबद्दल वाच. तुझ्याच वयाची असताना, २०१३ मध्ये, जागतिक स्पर्धेत पंधराशेची फायनल पळालेली पोरगी. २०१९ मध्ये तिनेच जगासमोर सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावात तीन वर्षं पाळी नव्हती आणि पाच हाडं मोडली. आणि विनेशच्या १०० ग्रॅमचं उदाहरण मला देऊ नकोस, कुस्तीत वजनगट असतो. आपल्या स्टार्ट लाइनवर काटा ठेवलेला नसतो.

काटा मीच ठेवला होता एकेकाळी. कोच झाल्यावर पहिली दोन वर्षं दर सोमवारी मुलींची वजनं करून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. ऐरोलीहून एक मुलगी यायची, वजनाच्या दिवशी पाणीसुद्धा न पिता. एक दिवस ती यायची थांबली. मला वाटलं, जिद्द नाही हिच्यात. फोनही केला नाही. वही नंतर फाडली, फोन अजून राहिलाय.

म्हणूनच मागच्या वर्षी एकीला मी स्पर्धेतून काढलं, पाळी नाही तर पळणं नाही म्हणून. तिच्या वडिलांनी ग्राउंडवर येऊन आरडाओरडा केला, तिला दुसरीकडे नेलं आणि तिथे तिने मेडल काढलं. लोक म्हणतात ताईंनी चांगली मुलगी हातची घालवली. म्हणू देत. मेडल दिसतं, हाडं दिसत नाहीत. मी चुकले नाही, उद्या पुन्हा तेच करेन, आणि तुझ्याबाबतीत तेच करतेय.

नुसतं खा खा म्हणून तुझं भागणार नाही हेही कळतं मला. ताटावर बसलं की आत कोणीतरी मोजायला लागतं, एक पोळी, अर्धी वाटी, आणि उपासाचं नाव काढलं की घरातलं कोणी काही विचारत नाही, उलट आजी कौतुक करते. ते मोजणं तुझ्या एकटीने थांबणार नाही. मनाच्या डॉक्टरकडे जायचंय. ठाण्यात हे म्हटलं की लोकांना पहिलं मेंटल हॉस्पिटलच आठवतं, तुझ्या आईलाही आठवेल, आठवू दे, मी बोलते तिच्याशी. तोवर रात्री फारच झालं तर टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लाव, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

सोमवारी सकाळी सहाला ये. स्पाइक्स आणू नकोस, आईला आण. तलावपाळीला बसू. मी पोहे करून आणतेय, शेंगदाणे घालून. सोमवार आहे, माहितीये मला. तरी आणतेय.

तुझी ताई