फ्लॅटमेट मध्येच निघून गेली, आता भाडं कोणी भरायचं?

सेमिस्टर संपत आलं की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. मागे सेकंड इयरची एक मुलगी आली (ओळख पटेल असं सगळं बदललंय), तक्रार काय तर झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, आणि बोलता बोलता कळलं की मूळ दुखणं कोथरूडचा फ्लॅट आहे. तिघी राहायच्या, एकीला बंगलोरला इंटर्नशिप मिळाली, दुसरी गावी परत गेली, जाताना दोघी "तू बघ ना काय ते" एवढंच म्हणाल्या आणि इकडे मालक काकांचे रोज फोन, पूर्ण भाडं द्या नाहीतर डिपॉझिटमधून कापतो. घरी सांगायची हिंमत नाही.

मी म्हटलं, अॅग्रीमेंट दाखव. मोबाईलमध्ये पीडीएफ होती, कधी उघडलीच नव्हती. आम्ही सोबत वाचली. भाडेकरू म्हणून फक्त तिचंच नाव! म्हणजे मालक पूर्ण भाडं तिच्याकडेच मागणार, मैत्रिणींशी तोंडी काय ठरलं होतं त्याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही. ऐकून ती रडली, पण हे लपवून तिचं भलं झालं नसतं. पुढच्या पानावर मात्र एक महिन्याच्या नोटिशीची अट होती आणि लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती) कधीच संपलेलं. वर्षभर अडकले असं जे तिच्या मनाने घेतलं होतं ते तसं नव्हतंच, प्रश्न एका महिन्याचा होता. तिथेच बसून तिने व्हॉट्सअॅप आणि ईमेलवर नोटीस पाठवली, मग आईला फोन केला. रूमवर जाऊन भिंती, नळ, गिझर, लाईटचं मीटर सगळ्याचे फोटो काढले.

ज्यांचं अॅग्रीमेंटच झालेलं नाही त्यांनी घाबरू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि रजिस्टर्ड लागतो, ती जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पण मुदत संपूनही खोली सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरायची वेळ येऊ शकते, हेही तितकंच खरं. आणि राहणार तिघी तर करारात नावंही तिघींची घाला, यात मैत्रीवर अविश्वास वगैरे काही नाही.

तिच्या एका मैत्रिणीने हिशोब बघून आपला वाटा जीपे केला. दुसरी फोनच उचलत नाही, त्याचा राग अजून तिच्या मनात आहे, त्यावर पुढच्या भेटीत बोलायचं ठरलंय.