मिठाचा हिशेब पुड्यावरून

प्रश्न : घरात चौघे मोठे आहोत. दोघांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. वर्षभरापासून साधं मीठ बंद करून सैंधव वापरतो, पानात वरून मीठही घेत नाही. तरी डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा. आणखी काय कमी करायचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सैंधवसुद्धा मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला तरी रक्तदाबाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. शिवाय उपवासाचं म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच सैंधवात आयोडीन नसतं. तेव्हा आयोडीनयुक्त साधं मीठच आणा, पण मोजून वापरा.

मोजायचं पुड्यावरून. एक किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. चौघांत तो 30 दिवसांत संपला, तर माणशी रोज 8 ग्रॅमहून जास्त मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा 5 ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे चहाचा सपाट चमचाही पुरता भरत नाही. त्या हिशेबाने पुडा 50 दिवस पुरला पाहिजे. लोणचं, पापड, फरसाण, पाव आणि हॉटेलचं खाणं यांतलं मीठ या पुड्यात येत नाही, म्हणून तो दोन महिने पुरवायचं धरा. गुळण्यांना किंवा भाज्या धुवायला गेलेलं मीठ मात्र वजा करा.

एकदम निम्मं केलंत तर घरातला प्रत्येक जण पानात मीठ मागेल आणि आठवड्यात सगळं मूळ पदावर येईल. दर पंधरवड्याला थोडं थोडं उतरवा. जीभ काही आठवड्यांत सरावते. सुरुवात कणकेपासून करा. पोळी भाजी-आमटीबरोबरच खाल्ली जाते, त्यामुळे तिच्यात मीठ नसलं तरी सहसा कळत नाही. भातातलंही बंद करा. कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळी घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, चव पांचट होते आणि पुन्हा चिमूट पडते. आमटीत आमसूल किंवा चिंच किंचित वाढवली, वरून लिंबू पिळलं, तर कमी मीठ खपून जातं. चिमटीने मीठ घालायची सवय मोडून डब्यात एकच चमचा ठेवा, नाहीतर रोजचं माप बदलत राहतं. जाड्या मिठाचं आणि बारीक मिठाचं चमच्यातलं वजन वेगळं भरतं, म्हणून प्रकारही एकच ठेवा.

लोणच्यातलं मीठ कमी करायला जाऊ नका, बुरशी धरेल. पानातल्या फोडी कमी करा. ताकातल्या सांडगी मिरचीचंही तेच. आणि पापडखार, खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, ते कोणी मोजतच नाही!

प्रश्न : मग 'लो सोडियम' मीठ चालेल का?

उत्तर : त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. मिरजेच्या वाचकांनी गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते आणू नये.

प्रश्न : घरच्या मशीनवर एकदा 152, लगेच पुन्हा 138. मशीन बिघडलंय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. पहिला आकडा बऱ्याचदा चढाच येतो. चहा, तंबाखू, मिश्री, व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. हात खाली लोंबकळत असला किंवा दंड जाड आणि पट्टा आखूड असला, तर आकडा खोटा वाढतो. बोललात तरी वाढतो.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, तसंच संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी 135/85 किंवा वर गेली, तर ती वही डॉक्टरांकडे न्या. आकडे उतरले म्हणून गोळी स्वतःहून सोडू नका. 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.